पावणेसातची सही

सविताताई सातवीत असताना तिची शाळा सुटली. नापास झाली म्हणून नव्हे. वर्गात तिचा दुसरा नंबर असायचा. घरात कारण सांगितलं जायचं ते एवढंच, की याडी-बापू ऊस तोडायला जातात, मग धाकटीला कोण बघणार. याडी म्हणजे आमची आई. तांड्यावर आईला याडी म्हणतात. आणि धाकटी म्हणजे मी. ताईची शाळा माझ्यापायी गेली असं समजत मी मोठी झाले.

दिवाळी सरली की आमचा तांडा निम्मा रिकामा व्हायचा. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरं एकत्रच भरायची. पुढचे सहा महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत. तिसरीपर्यंत मी शाळा शिकले ती तुकड्यातुकड्यानं. जून ते दिवाळी गुरुजींसमोर, नंतर कुणासमोरच नाही. मग एका हंगामात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढताना बापू घसरले आणि त्यांची कंबर कायमची गेली. घरावर संकटच ते. पण त्यामुळं आम्ही तांड्यावर राहिलो आणि माझी शाळा सलग झाली, हेही खरं आहे. बापू जवळच्या गावातल्या एका मालकाच्या हळदीवर कामाला लागले. हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिशच्या ड्रममध्ये टाकून फिरवायची. घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या असायच्या.

दहावीला तांड्यावरच्या आम्ही चौघी होतो. अकरावीला मी एकटी उरले.

हे आधी सांगितलं, कारण खिल्लारे जमादार पहिल्यांदा तांड्यावर आले तेव्हा त्यांनी नेमकं हेच विचारलं.

आमचा तांडा कळमनुरी तालुक्यात, वारंगा फाट्याच्या अलीकडं, डांबरी सडकेपासून अडीच किलोमीटर आत. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, कारण यातली काही माणसं अजून नोकरीत आहेत. त्या साली ठाण्यात मोटारसायकल गस्त पथक निघालं होतं. नाव मोठं, गाड्या दोन, माणसं चार. एका गाडीचा सायरन वाजायचा नाही आणि दुसरीचा वाजला की थांबायचा नाही. जमादारांच्या वाट्याला न वाजणारी आली आणि ते त्यावर खूश होते. हेडकॉन्स्टेबलला आमच्याकडं अजूनही जमादारच म्हणतात. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मिशी पांढरी, भुवया मात्र काळ्याभोर, त्यामुळं चेहरा दोन वेगवेगळ्या माणसांकडून उसना आणल्यासारखा दिसायचा.

पोलिसाच्या गाडीचा आवाज तांड्याला पाठ असतो. कुठं चोरी झाली की पहिला संशय आमच्यावर, हातभट्टीच्या नावानं झडती पण आमचीच. आवाज आला की गडीमाणसं मागच्या नाल्यानं पसार व्हायची आणि बाया दारात उभ्या राहायच्या. त्या दिवशी आवाज आला, पण तांड्याच्या बाहेरच बंद झाला. थोड्या वेळानं जमादार पायी चालत आत आले. हेल्मेट हातात, खांद्यावर गाडी पुसायचं फडकं. तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसले, पाणी मागितलं, प्याले, आणि तांब्या विसळून जागेवर ठेवला.

“नायक, तुमच्या तांड्यावरून किती पोरी कॉलेजला जातात?”

नायकाची तयारी दारूच्या प्रश्नाची होती. ते गडबडले. “येक. दामूची.” दामू म्हणजे माझे बापू.

“गेल्या साली दहावीला किती होत्या?”

“चार.”

“मंग तिघी काहून बसल्या घरी?”

“आता पोरीची जात, जमादार. घरची कामं. सोयरिकी येऊन राहिल्यात.”

“हे झालं लोकायला सांगायचं. खरं काय ते सांगा.”

नायकानं ओट्यावरचा तांब्या उगाच आत नेला. आमचं घर नायकाच्या घराला लागून. याडी अंगणातल्या चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता एकच शब्द टाकला.

“रस्ता.”

सविताताई बाळंतपणाला आली होती, दारात लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. ती एकदम खाली बघायला लागली. तिचे कान लाल झालेले मला दिसले. त्या घटकेला मला कळलं, की तिची सातवीतली शाळा माझ्यापायी सुटलेली नव्हती.

दुसरा कुणी पोलीस असता तर त्यानं तिथंच वही काढून कोण, कधी, काय म्हणालं, असं चारचौघांत विचारलं असतं. जमादारांनी काही विचारलं नाही. उठून ते याडीला म्हणाले, “माय, मला तो रस्ता पायी दाखवता का?” याडीनं पिठाचे हात तसेच पदराला पुसले आणि निघाली. मी मागं. निम्म्या वाटेवर एक वळण आहे. वळणावर कडुनिंब, पुढं कालव्याचा पूल आणि पुलाला लागून हळद पॉलिशचं शेड. शेडसमोर मोटारसायकली आडव्या लावून पाच-सहा पोरं बसलेली असायची. शेड मालकाचं, म्हणजे बापू ज्यांच्याकडं कामाला होते त्यांचंच, आणि पोरांतला पुढारी मालकाचा पुतण्या. आता कळेल, तांडा काहून गप्प होता.

जमादार पुलावर उभे राहिले, शेडकडं पाहिलं, कडुनिंबाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. “बस किती वाजता?”

“सातला.”

“म्हंजे तू इथं पावणेसातला असती. बराबर?”

दुसऱ्याच दिवशी कडुनिंबाला गोड्या तेलाच्या डब्याची एक पेटी ठोकलेली होती. गस्तीवरच्या पोलिसानं ठरलेल्या ठिकाणी जाऊन तिथल्या वहीत वेळ लिहून सही करायची असते. अशा ठिकाणाला पॉइंट म्हणतात. पॉइंट असतात बँकेजवळ, पेट्रोल पंपाजवळ, सराफाच्या दुकानाजवळ. तांड्याच्या रस्त्यावर पॉइंट आमच्या भागात कुणी ऐकलेला नव्हता. जमादारांच्या वहीला चार रकाने होते: तारीख, वेळ, पोलिसाची सही, भेटलेल्या नागरिकाची सही. चौथ्या रकान्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “इथं तू करायची. रोज.”

“मी नागरिक?”

“मंग? मी एकटाच हाय का?”

सही म्हणाल तर तोपर्यंत मी परीक्षेच्या हजेरीपत्रकावरच केली होती. त्या दिवशी मी अनिता दामू राठोड असं पूर्ण नाव लिहिलं. जमादार म्हणाले, “येवढी लांब? पेनाची शाई सरकारी हाय, बाई.” पण पुढं रोज मी पूर्णच लिहिलं आणि त्यांनी पुन्हा कधी टोकलं नाही.

आता त्यांच्या सवयी.

गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. मोटारसायकल पथकातला माणूस आणि चाळीस! ठाण्यात त्यांना ‘बैलगाडी’ म्हणायचे. त्यांचं म्हणणं, “चाळीसच्या वर गेलं की माणसाचं तोंड दिसत न्हाई. तोंड न्हाई दिसलं तर मंग मी काय झाडं मोजायला फिरून राहिलो का?” वळण येण्याआधी हॉर्न दोनदा, बारीक. लपून जायचं नाही. कुणाशी बोलायचं तर आधी हेल्मेट काढायचं. हेल्मेटातून बोललं की माणूस एकतर भितो नाहीतर हसतो, आणि दोन्हीत खरं सांगत नाही. सही करताना जिभेचं टोक बाहेर काढायचे, चौथीतल्या लेकरासारखं. अक्षरही तसंच, ओळीवर बसवलेलं.

आणि सगळ्यात मोठी सवय टाकीची. त्या गाडीचा पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला. म्हणून निघायच्या आधी ते गाडी दोन्ही हातांनी धरून हलवायचे आणि टाकीला कान लावायचे. आत पेट्रोल कसं हलतं त्यावरून ते किती आहे हे सांगायचे. त्यांचे जोडीदार रफीकभाई मागं उभे राहून म्हणायचे, “जमादार, बीपी बराबर है ना? गोली लिख के देव उसको.”

शेडवरच्या पोरांना त्यांनी कधी दमात घेतलं नाही. रोज गाडी लावायची, हेल्मेट काढायचं आणि एकेकाला नाव विचारायचं. तुझं, बापाचं, आईचं. आई काय करते, दुखणं-खुपणं काय. आठ दिवसांत दोन पोरं यायची बंद झाली. मी विचारलं, “काका, तुम्ही त्यांना काय बोललात?” म्हणाले, “काही न्हाई. आईचं नाव घेतलं की टवाळ पोरगं पुन्हा कुणाचं तरी लेकरू होऊन बसतं. मंग त्याला तिथं बसायला जड जातं.” पुतण्या मात्र बसून राहिला. त्यानं आईचं नाव सांगितलंच नाही.

त्यांची एक गोष्ट आखाडा बाळापूरच्या बाजारात अजून सांगतात. बाजाराच्या दिवशी एकानं बाईचा मोबाइल हिसकला आणि गाडीवरून पळाला. जमादार मागं निघाले, चाळीसनं. लोक दोन्ही बाजूंनी ओरडायला लागले, “अहो जमादार, पळवा की! तो गेला ना!” जमादारांनी हात वर करून, ऐकलं अशी खूण केली आणि चाळीसनंच गेले. लोक पोट धरून हसले. तासाभरात मोबाइलही आला आणि चोरही आला. झालं असं होतं, की जमादारांनी त्याचं तोंड ओळखलं होतं. ते सरळ त्याच्या गावी त्याच्या आत्याच्या घरी गेले आणि चहा पीत बसले. पोरगं धापा टाकत आलं तर बाजेवर जमादार. “ये, बस. आत्यानं तुझा पण टाकलाय,” असं म्हणाले म्हणे. मी त्यांना विचारलं तर ते म्हणाले, “पळणारा पळून पळून जाईल कुठं? घरीच. मंग आपण कशाला दमायचं?”

मला रोज एक प्रश्न असायचा: “आज काय शिकणार?” आणि दुसऱ्या दिवशी कालच्याची तपासणी. बारावीला भौतिकशास्त्रात वर्तुळाकार गती आली. मी सांगितलं, वळणावर मोटारसायकल आत झुकते, नाही झुकली तर बाहेर फेकली जाईल. ते ऐकत राहिले. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तो, पण असा ऐकत होता जसं काही गाडी आजच पाहिली. मग म्हणाले, “म्हंजे वळणावर गाडी पडतच असती. आपण पडू देत न्हाई, येवढंच.”

“तसंच समजा.”

“समजा काय? तसंच हाय. मला ठाऊक होतं, नाव ठाऊक नव्हतं.”

बाकीच्या पॉइंटांची गोष्टही सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. गस्तीच्या वहीत बनवाबनवी चालायची, हे सगळ्यांना माहीत होतं. काही जण पॉइंटांवरच्या वह्या गोळा करून चहाच्या टपरीवर आठवड्याच्या सह्या एका बैठकीत करून टाकायचे. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. जमादार तसं करत नसत, पण करणाऱ्यांना बोलतही नसत.

मग बारावीचा फेब्रुवारी आला. प्रॅक्टिकलची परीक्षा तीन दिवसांवर. पिशवीत माझं जर्नल, वर्षभराच्या आकृत्या, सरांच्या सह्या. मी पावणेसातला कडुनिंबाखाली आले. हॉर्न वाजला नाही. दीड वर्षात पहिल्यांदा. मी दोन मिनिटं थांबले, पाच मिनिटं थांबले, मग बस जाईल म्हणून पुलावर पाऊल टाकलं.

पुतण्या आणि दोघे पूल अडवून उभे राहिले. “आज कुठंय तुझा काका?” एवढं बोलून त्यानं पिशवी ओढली आणि कालव्यात फेकली. जास्त काही झालं नाही. जास्त व्हायला वेळ लागत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ओरडत कालव्यात उतरले, तशी ती पोरं गाड्या काढून गेली.

सात पंचवीसला जमादार आले तेव्हा मी ओल्या कपड्यांत पुलाच्या कठड्यावर जर्नलची पानं पसरत होते. ते गाडी ढकलत आले होते. घामानं वर्दी काळी पडलेली. झालं होतं ते असं: सकाळी ठाण्यात साहेबांची पाहणी होती, सगळ्यांची घाई. जमादार टाकी हलवायला वाकले, तेवढ्यात रफीकभाई म्हणाले, “छोडो ना जमादार, कल ही भरा मैं.” जमादार कान न लावता निघाले. मधल्या वेळेत दुसऱ्या कुणीतरी गाडी लांब फिरवून आणली होती. सडकेवर गाडी बंद पडली, तीन किलोमीटर ढकलत आणली.

त्यांनी हेल्मेट काढलं. मी सांगितलेलं सगळं ऐकलं. मग पेटीतून वही काढली, कठड्यावर ठेवली आणि लिहिलं. त्या दिवशी जिभेचं टोक बाहेर नव्हतं. मी सही करायला हात पुढं केला तर म्हणाले, “आज न्हाई. आज मी भेटलोच न्हाई तुला.” वही बगलेत घेतली. मग आम्ही दोघं तांड्यावर गेलो, मी ओल्या पानांचा गठ्ठा घेऊन आणि ते बंद गाडी ढकलत.

बापूंनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “बास झालं. चैत्रात सोयरीक उरकून टाकू.” स्थळ आलेलंच होतं.  याडीला ते ताईच्या वेळचंच ऐकू येत असावं.

जमादार दारातच उभे होते. “राठोड, लेक तुमची हाय, तुमी बसवली तर घरी बसल. पण चूक माझी असताना सजा तिला काहून?” बापूंनी मान खाली घातली. “ठाण्यात चला,” जमादार म्हणाले. “तक्रार लिवू. मंग काय करायचं ते करा.”

आम्ही ठाण्यात पोचायच्या आत मालक तिथं पोचले होते. साहेबांच्या टेबलावर चहा होता. साहेब वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. त्यांनी वही वाचली आणि कपाळाला हात लावला. “जमादार, हे काय लिहून ठेवलंत? असं स्वतःच्या हातानं कुणी लिहितं का?”

मालक हसून म्हणाले, “साहेब, पोरांची मस्करी हो ती. उगं पोरीचं नाव खराब होईल. जमादार वेळेवर आले होते असं लिवलं की झालं. जमादार समोर असताना काही घडंल का? म्हंजे घडलंच न्हाई. पोरगी सुटली, जमादार सुटले, सगळ्यायचं भलं.” मग बापूंकडं वळून, अगदी मायेनं, “काय दामू? उद्यापून पॉलिश चालू करायचं हाय. येशील ना?”

साहेब म्हणाले, “जमादार, एका पानाचा प्रश्न आहे.”

“पान बदलता येईल, साहेब,” जमादार म्हणाले. “पण रोज या पोरीची सही असती. ती मी कुठून आणू?”

मालकांनी वहीचं कोरं पान काढून ती माझ्यापुढं सरकवली आणि वर पेन ठेवला. “कर बाई सही. रोज करती, आजची राहिली होती समज.”

माझं वय सतरा. समोर साहेब, बाजूला बापूंचा मालक. मी पेन उचलला होता, हे मी लपवणार नाही. मी बापूंकडं पाहिलं.

“जमादारानं काय लिवलंय त्यात?” बापू म्हणाले. त्यांना वाचता येत नाही. “वाच.”

मी मोठ्यानं वाचलं: “सकाळी टाकी न पाहता निघालो. सडकेवर पेट्रोल संपले. पॉइंटवर सात पंचवीसला पोहोचलो. पावणेसातला येथे पोलीस नव्हता म्हणून मुलीस अडवून तिची पिशवी कालव्यात फेकली गेली. चूक माझी आहे.”

“पुन्यांदा वाच. शेवटचं.”

“चूक माझी आहे.”

बापू जमादारांकडं वळले. “हे असंच ऱ्हाऊ दिलं तर तुमचं काय होईल?”

“लय झालं तर गाडी काढून घेतील. नोकरी न्हाई जात.”

“आन् मला हळदीवर बोलावणार न्हाईत.”

“ते मला न्हाई सांगता येत, राठोड.”

बापू कंबरेवर हात ठेवून उभे होते. आयुष्यभर त्यांनी मालकांसमोर खाली पाहिलं होतं. त्या दिवशीही खालीच पाहत होते. पण बोलले. “अनिता, पेन ठेव.” मग साहेबांना म्हणाले, “साहेब, वर्दीतल्या माणसानं चूक माझी म्हणून लिवलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ह्या माणसाच्या भरोशावर माझी लेक त्याच रस्त्यानं जाईल. तक्रार लिवून घ्या.”

साहेबांनी चहाचा कप बाजूला सारला आणि महिला पोलिसाला आत बोलावलं.

तक्रार झाली. पुतण्याला आणि दोघांना ठाण्यात बोलावलं, त्यांच्यावर कारवाई झाली. शेडसमोरची बैठक उठली ती कायमची. मालकांनी बापूंना त्या हंगामात बोलावलं नाही. बापू दुसऱ्याच्या हळदीवर गेले. सोयरिकीचा निरोप परत गेला. जर्नलची पानं याडीनं तांब्यात निखारे घालून एकेक करून इस्तरी केली. परीक्षक म्हणाले, “ही पानं पापडासारखी कशी झाली?” मी सांगितलं, कालव्यात पडली होती. त्यांनी सरांच्या सह्या पाहिल्या आणि पुढचा प्रश्न विचारला.

जमादारांवर ठपका ठेवला गेला आणि गाडी गेली. त्यांना कोर्टाच्या कामाला लावलं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी मी कडुनिंबाखाली उभी राहिले ती धीर करून. आता कोण येणार? बरोबर पावणेसातला वळणाअलीकडं हॉर्न वाजला, दोनदा, बारीक. गाडीवर रफीकभाई. त्यांनी हेल्मेट काढलं. “क्या देखरी बेटा? सही कर, बस जाएगी.” मी सही केली. त्यांनी गाडी हलवली, टाकीला कान लावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “आता मी रोज ऐकतो. त्या दिवशी टाकीची जबान मीच दिली होती ना.” त्यानंतर पथकातले चौघंही टाकीला कान लावून निघायचे. टपरीवरच्या सह्याही बंद झाल्या. वरून हुकूम आला नव्हता. साहेबांनी एके दिवशी सगळ्या पॉइंटांच्या वह्या मागवल्या आणि प्रत्येकात चौथा रकाना आखायला सांगितला, एवढंच.

कोर्ट माझ्या कॉलेजच्या वाटेवर. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना जमादार कधीमधी तिथल्या बाकावर फायली मांडीवर घेऊन बसलेले दिसायचे. “आज काय शिकणार?” हा प्रश्न तिथूनही यायचा. एकदा मी म्हणाले, “काका, माझ्यामुळं तुमची गाडी गेली.” ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. “तुझ्यामुळं? मी कान लावला न्हाई म्हणून गेली. माझी चूक मी लिवली, आता तू ती तुझ्या नावावर करू नको.” त्या दिवशी घरी येऊन मी ताईला फोन केला. तिची शाळा माझ्यापायी गेली असं मला इतकी वर्षं वाटत होतं, ते पहिल्यांदा तिला सांगितलं. ती रडली, मग हसली, म्हणाली, “येडी का तू?”

आठ महिन्यांनी गाडी परत मिळाली. पहिल्या सकाळी त्यांनी वळणाअलीकडं हॉर्न दोनाऐवजी तीनदा वाजवला. तेवढीच काय ती मिरवणूक.

मी शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली त्या मे महिन्याच्या अखेरीस जमादार निवृत्त झाले. कॉलेजला सुट्टी होती. तरी शेवटच्या सकाळी मी पावणेसातला कडुनिंबाखाली गेले. माझ्याआधी तिथं याडी होती, बापू होते, आणि ताईची लेक होती, आता अंगणवाडीत जाणारी. जमादार आले. वर्दी कडक इस्तरीची. हेल्मेट काढलं, पेटीतून वही काढली. कठड्यावर ठेवून बराच वेळ लिहीत होते, जिभेचं टोक बाहेर. मग वही माझ्याकडं दिली.

लिहिलं होतं: “या पॉइंटवर तीन वर्षांपासून कसलीही तक्रार नाही. शेडसमोर कोणी बसत नाही. मुली एकट्या जातात-येतात. पॉइंटची गरज उरली नाही. बंद करण्यात यावा.”

“काका, बंद?” मी म्हणाले.

“मंग जलमभर ठिवायचा का? पॉइंट बंद करायसाठीच असतो, बाई.” मग पेन पुढं केला. “कर. पूर्ण नाव.”

मी पूर्ण नाव लिहिलं. बापू पुढं झाले आणि त्यांनी जमादारांचे दोन्ही हात हातात धरले.  जमादारांनी खिळे उपसून पेटी काढली, गाडी हलवून टाकीला कान लावला, आणि गेले. पेटी मागच्या कॅरिअरला दोरीनं बांधलेली होती आणि खड्ड्यांत खडखड वाजत होती. पुढच्या वळणाच्या अलीकडं हॉर्न दोनदा वाजला. मग वळणावर गाडी आत झुकली, चाळीसनंच.

जुलैत निकाल लागला. मी बी.एस्सी. झाले, पहिल्या वर्गात. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आणि तांड्यावरची पदवी घेतलेली पहिली मुलगी मीच. सविताताईची लेक आज आमच्याकडं राहून सडकेपलीकडच्या शाळेत जाते. त्या रस्त्यानं ती एकटी जाते आणि एकटी येते.